एकाच आईची दोन लेकरं, एक भांडते आणि एक गप्प बसतो

जुलै उजाडला की या सदराला येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, तुकड्या बदललेल्या असतात, व्हॅनमधल्या सीटा ठरलेल्या असतात, आणि कोणाला चिडवायचं तेही बहुतेक ठरून गेलेलं असतं. या वेळी त्याच विषयावरची चार पत्रं घेतलीय. नावं आणि शाळा काढून टाकल्यात. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातला प्रश्न मला कितीतरी आयांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

ताई नमस्कार, आम्ही सटाण्याकडचे. मागच्या वर्षी मिस्टरांना अंबडला कंपनीत काम लागलं म्हणून नाशिकला सिडकोत राहायला आलो. मुलगी आठवीत, मुलगा सहावीत, शाळा एकच, व्हॅन पण एकच. घरी आम्ही अहिराणी बोलतो. मुलगा एकदा वर्गात ‘मना डबा’, म्हणजे माझा डबा, असं बोलून गेला आणि तेव्हापासून त्याचं नावच ‘मना’ पडलं. व्हॅनमधे, बाथरूमला जाताना, सगळीकडे मागून ‘ए मना, ए मना’. दप्तर लपवतात, एकदा डब्यात खडूचा चुरा टाकला. मुलीला पण चिडवलं होतं पण तिने तिथल्या तिथे सुनावलं, आता तिच्या छान मैत्रिणी आहेत. हा काहीच बोलत नाही. मिस्टर म्हणाले एक ठेवून दे कानाखाली, म्हणून एकदा त्याने ढकललं तर ह्यालाच ऑफिसात नेलं आणि आम्हाला बोलावणं आलं. त्यानंतर तर तोंडच उघडत नाही. रोज सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. त्याची भाषा सुधारावी म्हणून आता आम्ही घरात अहिराणी बंद केलीय. माझा मुलगा भित्रा आहे का? एकाच आईची दोन लेकरं, मग असं का?
— एक आई, सिडको

ताई, आधी एक गोष्ट, तुमचा मुलगा भित्रा नाही. धोका समोर आला की शरीर तीनपैकी काहीतरी करतं, भिडतं, पळतं नाहीतर थिजून जातं, आणि हे ठरवायला पोराला वेळच मिळत नाही, ते त्याच्या आत आपोआप होतं. व्हॅनमधे पळायला जागा नाही, भिडून पाहिलं तर ऑफिसात जावं लागलं, मग उरलं काय? आणि ते पोटदुखीचं पण नाटक नाहीये हो. ताणामुळे पोट खरंच दुखतं, आतड्याचा आणि मेंदूचा संबंध फार जवळचा आहे. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणजे दुसरं काही नाही ना ते कळेल, पण ‘शाळा चुकवायची म्हणून करतो’ असं त्याच्यासमोर तरी म्हणू नका.

आता दोन लेकरांचा प्रश्न. आपल्याला वाटतं की एक शूर आणि एक लाजाळू, संपलं. पण दोघांशी एकच गोष्ट घडली तरी दोघांनी तिचा अर्थ काय लावला हे बघावं लागतं. सँड्रा ग्रॅहम आणि जाना जुवोनेन या अमेरिकेतल्या दोघी संशोधकांनी १९९८ मधे मधल्या शाळेतल्या, म्हणजे तुमच्या मुलांच्याच वयाच्या मुलांना विचारलं की असा त्रास तुला झाला तर तुझ्या मनात काय येईल. काही मुलं म्हणाली, मी त्या वेळी तिथे उभा राहायला नको होतो, पुढच्या वेळी दुसरीकडे थांबेन. आणि काही म्हणाली, मी असाच आहे म्हणून माझ्याशी असं होतं. दोन्हीत दोष स्वतःलाच दिलाय, पण पहिल्या वाक्यातली गोष्ट बदलता येते आणि दुसऱ्यातली येत नाही. एकटेपणा, घाबरटपणा, स्वतःबद्दल वाईट वाटणं, हे सगळं दुसऱ्या वाक्याबरोबर येतं असं त्यांना दिसलं.

मुलीने बहुतेक असं धरलं असेल की या पोरींना आपली भाषा माहीत नाही, म्हणून हसतात. मुलाने धरलं की आपल्यातच काहीतरी खोट आहे. आणि इथे मला तुम्हाला जरा कडक बोलावं लागतंय, राग मानू नका. तुम्ही घरात अहिराणी बंद केली ना, ती चांगल्या मनाने केली, पण त्याला काय कळलं असेल? की व्हॅनमधली पोरं म्हणतात ते बरोबरच होतं, आईबाबांना पण तसंच वाटतं. ज्या भाषेत त्याला आजीने मांडीवर झोपवलं ती भाषाच लाजेची ठरली, मग तो स्वतः लाजेचा ठरायला कितीसा वेळ लागतो. माझी आजी कळवणची, माझ्या आईने शाळेत हेच सोसलं आणि आम्हाला एक शब्द शिकवला नाही, आजी गेली तेव्हा तिच्याशी तिच्या बोलीत दोन वाक्यं बोलता आली नाहीत याचं दुःख मला आजही आहे. आज संध्याकाळपासून घरी परत बोला. मोठ्याने बोला. बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव, पलीकडे धुळं, नंदुरबार, जळगाव, एवढ्या मोठ्या मुलखाची ती बोली आहे, त्यात चूक काय आहे जे सुधारायचं? शाळेतली मराठी तो शाळेत शिकेलच, मुलांना दोन दोन तीन तीन भाषा एकत्र सांभाळता येतात.

दुसरी गोष्ट त्या ढकलण्याची. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मधे कुत्र्यांवर प्रयोग केले होते, ज्या कुत्र्यांना शॉक थांबवायचा काहीच मार्ग दिला नव्हता ती नंतर मार्ग समोर असूनसुद्धा बसून राहिली. याला शिकलेली असहायता म्हणतात, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. पण पुढचं फार कमी जणांना माहीत आहे, याच दोघांनी २०१६ मधे लिहिलं की आमचं उलटं झालं होतं, असहायता शिकावी लागत नाही, संकट लांबलं की गप्प पडून राहणं हे आपोआपच होतं, शिकावं लागतं ते हे की माझ्या करण्याने काहीतरी बदलतं. मला हे तुमच्या मुलासाठी फार महत्त्वाचं वाटतं. त्याने एकदा काहीतरी करून पाहिलं, वडलांचं ऐकून, आणि मिळालं काय तर ऑफिस, आईबाबांना बोलावणं, सगळ्यांसमोर मान खाली. त्याच्या बाजूने हिशोब सरळ आहे, काही केलं तरी वाईटच होतं, त्यापेक्षा गप्प बरं. म्हणून ‘धीट हो’ सांगून उपयोग नाही. त्याच्या हातून काहीतरी बदललं असं त्याला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे, छोटं का असेना. व्हॅनवाल्या काकांशी तुम्ही बोला पण कुठली सीट पाहिजे ते त्याला ठरवू द्या. शाळेत कोणी जायचं, आईने की बाबांनी, त्याला विचारा. टीचरना सांगायच्या गोष्टी तो बोलेल तशा त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, तारखेसकट, आणि कुठली सांगायची नाही तेही त्याला खोडू द्या. त्याला न सांगता शाळेत जाऊन आरडाओरडा करू नका, कारण दुसऱ्या दिवशी त्या व्हॅनमधे तुम्ही नसता, तो असतो.

क्लासटीचरना भेटाल तेव्हा ‘लक्ष ठेवा’ एवढंच म्हणून परत येऊ नका, असं सगळेच म्हणतात आणि त्यातून काही घडत नाही. नेमकं मागा. बाक बदलून द्या, मधल्या सुट्टीत कोणाचा तरी डोळा असू द्या, ‘मना’ हे नाव वर्गात चालणार नाही असं टीचरनी स्वतः एकदा सांगावं, आणि दोन आठवड्यांनी आपण परत भेटू असं तिथेच ठरवून या.

मिस्टरांना पण सांगा, त्यांचा हेतू चांगलाच होता, आपल्याकडे बापांना तेच शिकवलं गेलंय. पण उलटं मारल्याने बऱ्याचदा त्रास वाढतो, आणि पकडला जातो तो मारणारा. एकटं पडलेलं मूल तर नक्कीच.

आता मैत्रीचं, आणि माझ्या मते दोघांमधला सगळ्यात मोठा फरक हाच असणार. कॅनडात १९९९ मधे अर्नेस्ट हॉजेस आणि त्यांच्या सोबतच्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की त्रास सोसणाऱ्या मुलाला एक, फक्त एक, पक्का मित्र असला तरी पुढच्या वर्षभरात त्रासाचा परिणाम कमी होतो. मुलीने सुनावलं ते चांगलंच केलं, पण सुनावल्यावर तिच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलं असणार, म्हणून तिचं सुनावणं टिकलं. मुलाला पूर्ण वर्गाने स्वीकारावं ही घाई नको. एक मुलगा शोधा. बिल्डिंगमधला असेल, क्लासमधला असेल, रविवारी त्याला जेवायला बोलवा, दोघांना सोमेश्वरला घेऊन जा, गोल्फ क्लबच्या मैदानावर क्रिकेट खेळू द्या. आणि थोरलीला त्याची बॉडीगार्ड करू नका, तिच्यावर पण ओझं होतं आणि त्याला आणखी लहान वाटतं.

झोप उडाली, जेवण सुटलं, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असलं काही बोलला तर एक दिवस थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. नंबर तुम्ही फिरवा, तो बोलला नाही तरी तुम्ही बोला.

ताई, मी नववीत आहे. आमचा पाच जणींचा ग्रुप होता पाचवीपासून. दिवाळीनंतर त्यांनी नवीन ग्रुप केला आणि त्यात मला घेतलं नाही. कोणी मला शिव्या देत नाही, मारत नाही, फक्त मी आले की बोलणं थांबतं. डबा खाताना सरकून बसतात. मी हसून सोडून देते. आई म्हणते एवढं काय त्यात, अभ्यासात लक्ष घाल. पण मला छातीत दुखतं खरंच. मी ओव्हररिॲक्ट करतेय का?
— गंगापूर रोड

नाही गं बाळा, अजिबात नाही. २००३ मधे अमेरिकेत एक प्रयोग झाला, मेंदूचं स्कॅन करणाऱ्या मशीनमधे झोपवून लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकायचा गेम खेळायला दिला, तिघं खेळतायत असं सांगितलं, आणि थोड्या वेळाने बाकीच्या दोघांनी याच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. एवढंच. अनोळखी माणसं, फालतू गेम, तरी त्यांच्या मेंदूत असा भाग जागा झाला जो शरीराला दुखतं तेव्हा जागा होतो. आणि तुझ्या तर पाचवीपासूनच्या मैत्रिणी आहेत. दुखणारच.

आईवर रागावू नकोस, मोठ्यांना मारलेलं दिसतं, सरकून बसलेलं दिसत नाही. हे पत्र तिला वाचायला दे. आणि एक, तू हसून सोडून देतेस ना, ते त्यांच्यासमोर ठीक आहे, तुला सावरायला उपयोगी पडतं, पण सगळीकडेच हसत राहिलीस तर कोणालाच कळणार नाही. एक जागा अशी ठेव जिथे हसायचं नाही. त्या ग्रुपमधे परत घेतील का याची वाट बघत रोज फोन चेक करणं हे सगळ्यात जास्त दमवतं, ते जमेल तसं कमी कर. त्या चौघीही सारख्याच वागतात का बघ. बऱ्याचदा एक ठरवते आणि बाकीच्या आपला नंबर लागू नये म्हणून तिच्या मागे असतात. त्यांच्यातल्या जी एकटी असताना तुझ्याशी नीट बोलते, तिच्याशी एकटीशीच बोलून बघ. नाही जमलं तर ग्रुपच्या बाहेर बघ, खोखोच्या टीममधे, ड्रॉइंगच्या क्लासला. वर्ग म्हणजे अख्खं नाशिक नव्हे.

मॅडम, माझ्या मुलाची (सातवी) शाळेतून तक्रार आली. एका मुलाचा चष्मा लपवतो, त्याच्याकडून वह्या पूर्ण करून घेतो असं म्हणतात. मुलं मस्ती करतातच, आम्ही पण केली. तरी मी त्याला पट्ट्याने चांगलं झोडलं. आता काय करावं?
— एक पालक, नाशिकरोड

तुम्ही लपवलं नाहीत, लिहिलंत, हे मला मनापासून आवडलं. बऱ्याच घरांत तक्रार आली की शाळेशीच भांडण होतं.

पण मस्ती आणि हे, यात फरक आहे. नॉर्वेत १९८२ च्या शेवटी त्रासाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला आणि १९८३ पासून तिथे देशभर यावर काम सुरू झालं, त्यातले मुख्य संशोधक डॅन ओल्वेयस. त्यांनी तीन खुणा सांगितल्या, मुद्दाम करणं, पुन्हा पुन्हा करणं, आणि समोरच्याला परतवता न येणं. मस्तीत दोघं हसतात आणि पाळी बदलते, आज तू मला उद्या मी तुला. चष्म्याशिवाय ज्याला फळा दिसत नाही तो कसली पाळी घेणार?

आणि पट्टा ठेवून द्या साहेब. मोठ्याने लहानाला मारलं की लहान ऐकतो, हाच धडा तो शाळेत वापरतोय. त्याला शिक्षा जरूर करा, पण भरपाईची. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या वह्या स्वतः परत लिहायच्या, त्या मुलाच्या घरच्यांना तुम्ही सोबत जाऊन भेटायचं, जर ते तयार असतील तर.

लोक म्हणतात असली मुलं आतून घाबरलेली असतात. काही असतात, पण सगळी नाही, बऱ्याच जणांना स्वतःबद्दल चांगलंच वाटत असतं, त्यांना वर्गात वट हवा असतो आणि हा सोपा रस्ता सापडलेला असतो. म्हणून त्याला विचारा, तू चष्मा लपवलास तेव्हा कोण कोण हसलं? त्याच्या वागण्याचं मोठं कारण तिथे असतं. त्याला पुढं व्हायला आवडतं तर पुढं व्हायची चांगली जागा द्या, टीमचा कॅप्टन करा, गणपतीच्या मंडळात काम द्या.

अजून एक नीट तपासा, त्याला स्वतःला कोणी त्रास देतंय का, क्लासमधे, गल्लीत, मोठा चुलतभाऊ वगैरे. काही मुलं अशी असतात की कोणाचा धक्का चुकून लागला तरी मुद्दाम मारला असंच धरतात आणि आधीच हात उचलतात, हे बहुतेक सतत मार खाल्लेल्या मुलांत दिसतं. २०१३ मधे अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, १,४२० मुलांना लहानपणापासून मोठी होईपर्यंत बघितलं होतं, त्यात मोठेपणी सगळ्यात जास्त मानसिक त्रास अशांना झाला जे लहानपणी सोसतही होते आणि देतही होते. तुमचा मुलगा त्यात असेल तर त्याला मार नको, मदत हवीय, शाळेच्या समुपदेशकांकडे त्याला घेऊन जा.

मावशी, मी आठवीत आहे. आमच्या वर्गात एकाला रोज त्रास देतात, तो अडखळत बोलतो म्हणून. तो वाचायला उभा राहिला की सगळे त्याच्यासारखं बोलतात. मी नाही बोलत. पण मी काही करत पण नाही. एकदा मला हसू आलं. रात्री खूप वाईट वाटलं. मी काही बोललो तर मलाच धरतील. मी वाईट आहे का?
— पंचवटी

तुझं पत्र मी दोनदा वाचलं बाळा. ज्याला रात्री वाईट वाटतं तो वाईट नसतो. तुला भीती वाटते ती पण खोटी नाही, एकट्याने उभं राहिलं तर तुझ्यावर येऊ शकतं, मी तसं नाही म्हणणार नाही.

पण तुला एक सांगते. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली म्हणून बाई आहेत, त्यांनी १९९६ मधे दाखवलं की असल्या प्रकारात दोघंच नसतात. कोणी साथ देतं, कोणी हसून चढवतं, कोणी बाजूला उभं राहतं, कोणी वाचवायला जातं. त्यावरून त्यांच्या देशात शाळांसाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार झाला, २००९ पासून तो देशभर गेला, आणि त्यात मुख्य काम तुझ्यासारख्या बघणाऱ्या मुलांबरोबर करतात, कारण हसणारे थांबले की चिडवणाऱ्याला मजा उरत नाही. कॅनडात शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून बघितलं होतं, २००१ मधे ते छापून आलं. बघणारी मुलं जवळजवळ दर वेळी तिथे होती, मधे पडली ती फार थोड्या वेळा, पण जेव्हा पडली तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदात थांबला. दहा सेकंद रे.

म्हणून पहिलं काम, हसायचं नाही. आलंच हसू तर वहीत बघ. दुसरं, तुझ्यासारखा अजून एक जण वर्गात नक्की आहे ज्याला हे आवडत नाही, त्याला शोध, म्हणजे तू एकटा राहणार नाहीस. टीचरना एकट्यात जाऊन सांग किंवा चिठ्ठी लिही, तो वाचत असताना वर्ग शांत ठेवा म्हणून. हे चुगली नाही. चुगली कोणाला तरी अडकवायला करतात, तू त्याला सोडवायला सांगतोयस.

आणि तो वाचताना अडखळला तर त्याचा शब्द तू पुरा करू नकोस, त्याला वेळ लागतो तो लागू दे, तू फक्त त्याच्याकडे बघत थांब. मग मधल्या सुट्टीत तुझा डबा घेऊन त्याच्या बाकावर जा. काय बोलायचं सुचलं नाही तर आज भाजी काय आणलीस एवढं विचार, आणि तो उत्तर द्यायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ बस.